चरबी, नळी आणि नावापुढचा 'सर्जन'

२०२३ च्या सप्टेंबरमध्ये ऑस्ट्रेलियात एक कायदा लागू झाला. कायदा एवढाच, की ज्याने शस्त्रक्रियेचं रीतसर विशेष शिक्षण घेतलेलं नाही अशा डॉक्टरने स्वतःला 'सर्जन' म्हणवून घ्यायचं नाही. म्हणवून घेतलं तर ६०,००० डॉलरपर्यंत दंड, ३ वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आता यात बातमी काय, असं कुणालाही वाटेल. सर्जन नसलेल्याने सर्जनची पाटी लावू नये, हे सांगायला कायदा कशाला लागतो? पण मंडळी, बातमी तीच आहे. त्या महिन्यापर्यंत या देशात वैद्यकीची साधी पदवी असलेला कुठलाही डॉक्टर दारावर 'कॉस्मेटिक सर्जन' अशी पाटी लावू शकत होता आणि त्यात बेकायदेशीर काहीही नव्हतं.

हे सगळं लिहायचं कारण म्हणजे नाशिकच्या माझ्या मामेबहिणीचा एक प्रश्न. दोन बाळंतपणांनंतर पोटाची चरबी काही केल्या हलत नाही, म्हणून तिच्या डोक्यात लायपोसक्शनचा विचार घोळतोय. "दादा, तिकडे करून घेतलं तर? तिकडे सगळं नियमात असतं ना!" असं तिचं म्हणणं. मी काही डॉक्टर नाही. म्हणजे डॉक्टरेट आहे, पण ती नळ्यांतून वाहणाऱ्या द्रवांवरची. (आई अजूनही शेजाऱ्यांना "तो औषध देणारा डॉक्टर नाही" असं आवर्जून सांगते.) तेव्हा करावं की करू नये, हे मी सांगणार नाही. पण 'तिकडे सगळं नियमात असतं' या वाक्यामागचा इतिहास मात्र मी बराच वाचून काढला, आणि तो वाचल्यावर कुठले प्रश्न विचारायचे हे आपोआप कळायला लागतं. म्हणून हा लेखनप्रपंच.

सुरुवात पुण्यापासून करू, कारण गोष्ट खरोखरच तिथून सुरू होते. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये एक पत्र छापून आलं. इंग्रजी फौजेबरोबर बैलगाडी हाकणारा कावसजी नावाचा माणूस टिपूच्या सैनिकांच्या हाती सापडला आणि त्याचं नाक कापण्यात आलं. पुण्याजवळच्या वीट पाडणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवं नाक बसवून दिलं. ही शस्त्रक्रिया दोन इंग्रज डॉक्टरांनी पाहिली होती. शिवाय हिंदुस्थानात हा प्रकार काही नवलाचा नाही, असंही पत्रात म्हटलं होतं. ते वाचून पुढे २० वर्षांनी, १८१४ साली, जोसेफ कार्प्यू या सर्जनने लंडनमध्ये तसंच नाक करून दाखवलं आणि युरोपात आधुनिक प्लास्टिक सर्जरीला सुरुवात झाली. पुण्याच्या त्या माणसाचं नाव आज कुणालाही ठाऊक नाही. त्याच्याकडे प्रमाणपत्र नव्हतं. पण ज्या कामासाठी लोक त्याच्याकडे जात, ते काम त्याच्या हाताला येत होतं. हा मुद्दा जरा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

या शास्त्राचा पुढचा मोठा टप्पा पहिल्या महायुद्धातला. खंदकात लढणाऱ्या सैनिकांचे चेहरे तोफगोळ्यांनी छिन्नविच्छिन्न व्हायला लागले, तेव्हा १९१७ साली इंग्लंडमध्ये सिडकप इथे एक खास इस्पितळ उघडलं. त्याचा सूत्रधार हॅरल्ड गिलीज हा मूळचा न्यूझीलंडमधल्या डनेडिनचा. तिथल्या ऑस्ट्रेलियन विभागाचे प्रमुख होते ॲडलेडचे हेन्री न्यूलंड. ऑस्ट्रेलियातल्या प्लास्टिक सर्जरीची मुळं तिथली. आपल्याकडचं एक मोठं नाव, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाचे डॉ. नोशीर अंतिया, हेसुद्धा गिलीज यांच्याच हाताखाली शिकले आणि परत येऊन त्यांनी ते कौशल्य कुष्ठरोग्यांचे हात आणि चेहरे सुधारण्यासाठी वापरलं. थोडक्यात, ही विद्या जन्मली ती मोडलेलं जोडायला. धडधाकट माणसाला अधिक देखणं करायला ती वापरायची म्हटलं, की हिशोब बदलतो. मोडलेल्या नाकाच्या माणसाकडे गमावण्यासारखं फारसं नसतं. जाडसर मांड्यांच्या निरोगी माणसाकडे मात्र गमावण्यासारखं सगळंच असतं.

हा फरक जगाला कळला तो पॅरिसमध्ये, १९२० च्या दशकात. शार्ल द्युजारिए नावाच्या सर्जनने एका तरुणीच्या पायांची चरबी काढायला घेतली. तिला पाय सडपातळ हवे होते. त्याने वापरलं ते स्त्रीरोगतज्ज्ञ गर्भाशय खरवडायला वापरतात ते धारेचं हत्यार. रक्तवाहिनीला इजा झाली, पाय सडायला लागला आणि शेवटी कापावा लागला. खटला उभा राहिला, सर्जन हरला. त्यानंतर पुढची काही दशकं चरबी खरवडून काढण्याच्या वाटेला फारसं कुणी गेलं नाही.

चरबी काढणं एवढं अवघड का, हे कळायला डाळिंब डोळ्यांपुढे आणा. कातडीखालची चरबी ही तेलाच्या डब्यासारखी साठवलेली नसते. दाण्यांसारख्या पेशींचे पुंजके, त्यांच्यामध्ये पांढरे पापुद्रे, आणि त्या पापुद्र्यांतून जाणाऱ्या रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू अशी तिची रचना असते. दाणे तेवढे काढायचे आणि पापुद्रे शाबूत ठेवायचे. धारदार हत्याराने हे होणं शक्य नाही.

यावर तोडगा निघाला तो १९७० च्या दशकात. १९७४ च्या सुमारास रोममध्ये आर्पाद आणि जॉर्जिओ फिशर या बाप-लेकांनी चरबी कापून शोषून घेणारं यंत्र बनवलं. १९७७ मध्ये पॅरिसच्या इव्ह-जेरार इलूझने त्यातलं हत्यारच बदललं. धारेच्या जागी त्याने बोथट टोकाची पोकळ नळी आणली, गर्भपातासाठी वापरतात तशा धर्तीची. नळी आत सारण्याआधी तो तिथे मिठाचं पाणी टोचायचा. बोथट नळी रक्तवाहिन्यांना बाजूला सारते आणि मऊ चरबी तेवढी ओढून घेते. आज जगभर ज्याला लायपोसक्शन म्हणतात, ते मुळात हेच.

इथे माझ्यातला नळीवाला जागा होतो, तेव्हा दोन ओळी सहन करा. शोषणाचा पंप कितीही भारी घेतला तरी तो एका वातावरणाच्या दाबापेक्षा जास्त ओढू शकत नाही, कारण पूर्ण निर्वाताच्या पलीकडे काही नसतं. आणि साधा द्रव नळीतून संथ वाहत असेल, तर प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घाताने बदलतो. म्हणजे नळीची त्रिज्या निम्मी केली की प्रवाह सोळावा हिस्सा. चरबी काही पाण्यासारखी साधी वाहत नाही, पण कल यावरून कळतो. जाड नळीने काम झटपट उरकतं, पण इजा जास्त आणि कातडीवर खड्डे पडण्याची भीतीही जास्त. बारीक नळीने काम नीटस होतं, पण वेळ लागतो. तेव्हा 'अर्ध्या तासात मोकळे' अशी जाहिरात दिसली की हा चौथा घात आठवावा.

मग आला १९८० च्या दशकातला कॅलिफोर्नियाचा टप्पा, आणि माझ्या मते या इतिहासातलं खरं वळण तेच. जेफ्री क्लाइन या त्वचारोगतज्ज्ञाने १९८७ मध्ये एक पद्धत प्रसिद्ध केली. दाताच्या डॉक्टरकडे हिरडीत टोचतात ते औषध, लिग्नोकेन, त्याने खूप पातळ केलं, रक्तवाहिन्या आकसवणारं ॲड्रिनलिन त्यात किंचित घातलं, आणि हे मिश्रण लिटरच्या हिशोबात कातडीखाली भरलं. शरीराचा तो भाग टम्म फुगतो, बधिर होतो, आणि रक्तस्राव फारच कमी होतो. पूर्ण भूल द्यायची गरजच उरत नाही.

ही पद्धत खरोखर उपकारक ठरली. पण तिने आणखी एक गोष्ट केली. भूलतज्ज्ञ नको, मोठं ऑपरेशन थिएटर नको, रक्ताची बाटली नको, म्हणजे हे काम आता दवाखान्याच्या मागच्या खोलीत होऊ शकत होतं. हत्यार जितकं सोपं, तितके ते उचलणारे हात वाढतात. कातडीचे डॉक्टर, जनरल प्रॅक्टिशनर, शनिवार-रविवारचा कोर्स करून आलेले, असे सगळेच.

आणि सोपं दिसणाऱ्या त्या पाण्यात एक गोम होती. लिग्नोकेन ॲड्रिनलिनबरोबर द्यायचं तर शरीराच्या वजनाच्या दर किलोला ७ मिलिग्रॅम ही नेहमीची मर्यादा. क्लाइनने १९९० मध्ये दाखवून दिलं, की अशा पातळ स्वरूपात ३५ मिलिग्रॅमपर्यंत चालू शकतं. ६० किलोच्या बाईचा हिशोब करा. ४२० मिलिग्रॅमच्या जागी २,१०० मिलिग्रॅम. हे चालतं, कारण औषध चरबीतून रक्तात अगदी हळूहळू उतरतं. पण त्याचाच दुसरा अर्थ असा, की रक्तातलं त्याचं प्रमाण सर्वाधिक होतं ते साधारण १२ तासांनी. तोवर डॉक्टर घरी, पेशंट घरी, आणि दवाखान्याला कुलूप. डोस चुकला असेल तर त्याची लक्षणं मध्यरात्री घरच्या पलंगावर दिसणार. म्हणून रात्री कुणाला फोन करायचा आणि तो उचलणार कोण, हा प्रश्न आधीच विचारून ठेवायचा असतो.

धोका नेमका किती? २००० साली अमेरिकन प्लास्टिक सर्जनांची एक पाहणी प्रसिद्ध झाली. त्यात साधारण ५,००० शस्त्रक्रियांमागे १ मृत्यू आढळला, आणि सर्वांत मोठं कारण निघालं फुफ्फुसात अडकलेली रक्ताची गुठळी. दोन वर्षांनी, २००२ मध्ये, त्वचारोगतज्ज्ञांची पाहणी आली. त्यांच्या ६६,५७० शस्त्रक्रियांत एकही मृत्यू नव्हता! आता गंमत बघा. सर्जनांकडे मृत्यू, आणि सर्जन नसलेल्यांकडे शून्य? दोन्ही पाहण्या डॉक्टरांनी स्वतः भरून दिलेल्या माहितीवर होत्या, हे धरूनसुद्धा फरक मोठा आहे. त्याचा उलगडा बऱ्याच अंशी कामाच्या पद्धतीत आहे. त्वचारोगतज्ज्ञ फक्त जागा बधिर करून, थोडी चरबी, एका वेळी एकच काम या बेताने चालले होते. सर्जन मंडळींकडे पूर्ण भूल, जास्त चरबी आणि त्याच बैठकीत पोटाची कातडी कापून ताणून घेणं, असं सगळं एकत्र चालायचं. तेव्हा नावापुढची पदवी एकटी तारत नाही. किती काढायचं, कुठे थांबायचं आणि बिघडलं तर काय करायचं, हे ज्याला शिकवलं गेलंय तो हात तारतो. पुण्याचा तो कारागीर आठवा.

आता ऑस्ट्रेलियाकडे येऊ. इथे प्लास्टिक सर्जन व्हायचं तर वैद्यकीय पदवीपासून मोजून साधारण १२ वर्षं जातात, आणि हे शिक्षण १९२७ साली स्थापन झालेल्या सर्जनांच्या रॉयल कॉलेजच्या देखरेखीखाली होतं. 'कॉस्मेटिक सर्जरी' ही मात्र इथे स्वतंत्र वैद्यकीय शाखा म्हणून मान्य झालेली नाही. आणि जी शाखाच मान्य नाही, तिच्या नावाला कुंपण कोण घालणार? 'प्लास्टिक सर्जन' या उपाधीला संरक्षण होतं, 'कॉस्मेटिक सर्जन'ला नव्हतं. पाटी वाचणाऱ्याला दोन्ही एकच वाटणार. आपल्याकडे 'एम.डी.' आणि त्यापुढे कंसात बारीक अक्षरात काहीतरी असतं ना, तसंच.

यावर हसण्याआधी आमच्या धंद्याचंही सांगून टाकतो. मेलबर्न ज्या व्हिक्टोरिया राज्यात आहे, तिथे इंजिनिअरांची सक्तीची नोंदणी सुरू झाली ती २०२१ मध्ये. क्वीन्सलंडमध्ये तसा कायदा १९२९ पासूनचा! एकाच देशात एवढा फरक. 'प्रगत देश' म्हणजे सगळं आधीच ठरवून ठेवलेला देश, हा आपला समज इथे राहायला आल्यावर हळूहळू उतरतो.

बरं, कुणाला काही कळलंच नव्हतं असंही नाही. १९९९ साली न्यू साऊथ वेल्स सरकारने कॉस्मेटिक सर्जरीवर नेमलेल्या चौकशी समितीचा अहवाल आला. मेरिलिन वॉल्टन तिच्या अध्यक्ष. कोण कुठलं शिक्षण घेऊन हे काम करतो हे पेशंटला कळायला मार्ग नाही, आणि जाहिराती दिशाभूल करतात, हे तेव्हाच कागदावर आलं. २००७ मध्ये मेलबर्नमध्ये एका तरुणीचा लायपोसक्शननंतर काही दिवसांतच मृत्यू झाला आणि प्रकरण कॉरोनरपुढे गेलं. (कॉरोनर म्हणजे अनैसर्गिक मृत्यूची चौकशी करणारा न्यायाधिकारी.) २०१० साली राज्याराज्यांच्या वेगवेगळ्या वैद्यकीय नोंदण्या एकत्र करून देशव्यापी व्यवस्था आली. 'सर्जन' हा शब्द तिच्याही जाळीतून निसटला.

२०१३ च्या डिसेंबरमधलं सिडनीचं प्रकरण तर वेगळंच आहे. स्मृतिभ्रंश झालेल्या ७५ वर्षांच्या एका बाईंवर लायपोसक्शन करण्यात आलं. सौंदर्याचा इथे प्रश्नच नव्हता. त्यांच्याच चरबीतून मूळ पेशी काढून त्यांना टोचायच्या आणि त्याने आजार सुधारेल, अशी आशा घरच्यांना होती. या उपचाराचा स्मृतिभ्रंशावर उपयोग होतो हे कुठे सिद्ध झालेलं नव्हतं. बाई घरी आल्या, रक्तस्राव थांबला नाही, आणि त्या गेल्या. २०१६ मध्ये कॉरोनरने या प्रकारावर कडक शब्दांत ताशेरे ओढले आणि त्यानंतर औषध-नियंत्रकांनी अशा उपचारांचे आणि त्यांच्या जाहिरातींचे नियम आवळले. 'आपलीच चरबी, आपलेच पेशी, त्यात काय धोका' हे वाक्य आपल्याकडेही आता ऐकू येतं, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

२०१६ च्या ऑक्टोबरपासून मेडिकल बोर्डाने पहिल्यांदा ठोस नियम केले. मोठ्या सौंदर्यशस्त्रक्रियेआधी प्रौढांना ७ दिवस आणि १८ वर्षांखालील मुलांना ३ महिने विचार करायला द्यायचे. पण सर्जन कुणाला म्हणायचं, तो प्रश्न होता तिथेच राहिला. किती चरबी काढायची असली की परवानाधारक जागाच लागते, हा आकडासुद्धा राज्यागणिक वेगळा होता.

आणि मग आला २०२१ चा ऑक्टोबर. इथल्या एबीसी या सरकारी वाहिनीवर 'फोर कॉर्नर्स' नावाचा शोधपत्रकारितेचा जुना कार्यक्रम आहे. त्यात ॲडेल फर्ग्युसन या पत्रकार बाईंनी या धंद्याची लक्तरं बाहेर काढली. त्यातलं एक दृश्य लोक अजून विसरलेले नाहीत. टेबलावर पेशंट पालथा, लायपोसक्शन चालू आहे, आणि नळी चालवता चालवता डॉक्टर गाण्यावर नाचतायत! भयंकर वेदना सोसलेल्या आणि जखमा चिघळलेल्या पेशंट कॅमेऱ्यापुढे येऊन बोलल्या. त्यातल्या अनेक जणींचं म्हणणं एकच होतं. पाटीवर सर्जन लिहिलं होतं, म्हणून तो सर्जन असणार असं आम्ही धरून चाललो.

देशभर गदारोळ झाला. नियामकांनी ॲण्ड्र्यू ब्राउन यांच्याकडे फेरतपासणी सोपवली. सप्टेंबर २०२२ मध्ये त्यांचा अहवाल आला, त्यात १६ शिफारशी होत्या. १ जुलै २०२३ पासून नवे नियम लागू झाले. आधी फॅमिली डॉक्टरची चिठ्ठी आणायची. शस्त्रक्रियेआधी किमान दोन भेटी. संमतीनंतर ७ दिवस थांबायचं, आणि तोवर पैसे भरून घ्यायचे नाहीत. आरशात स्वतःचं रूप विकृत दिसण्याचा मानसिक आजार तर नाही ना, हे डॉक्टरने तपासायचं. काम मान्यताप्राप्त ठिकाणीच करायचं. शस्त्रक्रिया म्हणजे झटपट गंमत असा आव आणणाऱ्या जाहिरातींना चाप. आणि त्यानंतर सप्टेंबरमध्ये तो 'सर्जन' शब्दाचा कायदा. १९९९ च्या अहवालापासून मोजलं तर २४ वर्षं.

तरी वाद संपलेला नाही. शाखाबाह्य डॉक्टरांनाही ठराविक प्रशिक्षणानंतर कॉस्मेटिक सर्जरीचा शेरा नोंदणीवर मिळावा, अशी वाट या सुधारणांत ठेवलेली आहे. त्यामुळे दर्जा सुधारेल असं नियामक म्हणतात. ही मागच्या दाराने दिलेली मान्यता आहे असं प्लास्टिक सर्जन म्हणतात. मला दोघांचंही थोडं थोडं पटतं. वर सांगितलेल्या दोन पाहण्या आठवल्या की कुणा एकाची बाजू घेणं जड जातं.

हा झाला हाताचा इतिहास. आता ज्या चरबीसाठी हे सगळं चाललंय, तिच्याबद्दल.

२००४ साली 'लॅन्सेट' मध्ये एक गमतीदार फोटो छापून आला. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन शेजारी शेजारी. उंची-वजनाच्या गुणोत्तरातून निघणारा बी.एम.आय. दोघांचाही २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२ टक्के! आपण भारतीय वरून बारीक आणि आतून चरबीवाले, हे याज्ञिक अनेक वर्षं सांगत आलेत. आणि आपल्या पुरुषांची ती टणक ढेरी बघा. तिच्यातली बरीच चरबी पोटाच्या स्नायूंच्या आत, आतड्यांभोवती असते. मधुमेहाशी जास्त नातं तिचंच. लायपोसक्शनची नळी फिरते ती कातडी आणि स्नायू यांच्यामध्ये. आतल्या चरबीपर्यंत ती पोचत नाही, आणि पोचली तर तो अपघात असतो.

योगायोग म्हणजे त्याच वर्षी, २००४ मध्ये, अमेरिकेत सेंट लुईसच्या सॅम्युएल क्लाइन (हे क्लाइन वेगळे) यांनी १५ लठ्ठ स्त्रियांची लायपोसक्शननंतर तपासणी केली. प्रत्येकीची साधारण ९ ते १० किलो चरबी काढली होती. १० ते १२ आठवड्यांनी बघितलं तर इन्शुलिन, रक्तातली साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, कशातच सुधारणा नाही. एवढंच वजन खाणं कमी करून आणि चालून उतरवलं असतं, तर हे आकडे नक्की हलले असते. तेव्हा 'शुगर आहे, थोडी चरबी काढून टाकू' हा विचार मुळातच डोक्यातून काढलेला बरा.

काढलेली चरबी परत येते का? २००८ मध्ये स्टॉकहोमच्या संशोधकांनी चरबीच्या पेशींचं वय मोजलं. तेही कसं, तर १९५० आणि ६० च्या दशकांतल्या अणुचाचण्यांमुळे हवेत वाढलेल्या किरणोत्सारी कार्बनचा माग काढून! मोठेपणी चरबीच्या पेशींची संख्या जवळपास ठरलेली असते, दरवर्षी त्यातल्या सुमारे १० टक्के मरतात आणि तितक्याच नव्या येतात, असं त्यांना आढळलं. म्हणजे शरीर हिशोब ठेवून असतं. २०११ मध्ये कोलोरॅडोतल्या एका प्रयोगात, वर्षभरानंतर एकूण चरबी पूर्वपदावर आलेली दिसली. फक्त तिने जागा बदलली होती, मांड्यांऐवजी पोटावर. साओ पाउलोतल्या २०१२ च्या प्रयोगात लायपोसक्शननंतर व्यायाम न करणाऱ्या स्त्रियांची पोटाच्या आतली चरबी १० टक्क्यांनी वाढली. व्यायाम करणाऱ्यांची वाढली नाही. एका दाराने बाहेर काढलेला पाहुणा दुसऱ्या दाराने आत येऊन बसतो, तो प्रकार.

मग ही शस्त्रक्रिया निरुपयोगीच का? मुळीच नाही. वजन ताब्यात असताना एखाद्या ठिकाणी हट्टाने बसलेली चरबी उतरवायला ती चांगली आहे, आणि तिचं मूळ कामही तेच. शिवाय तिचा एक उपयोग जाहिरातीत कधी दिसत नाही. स्तनाच्या कर्करोगात काखेतल्या गाठी काढल्यावर काही स्त्रियांचा हात कायमचा सुजतो, आणि कालांतराने त्या सुजेची घट्ट चरबी होते. स्वीडनमधल्या माल्मोच्या हॉकान ब्रोर्सन यांनी अशा हातातली चरबी लायपोसक्शनने काढायची पद्धत बसवली. सिडनीच्या मॅक्वारी विद्यापीठाच्या रुग्णालयात २०१२ पासून हे काम चालतं. एका हातात मावणार नाही एवढा जड हात घेऊन फिरणाऱ्या बाईला पुन्हा दोन्ही बाह्यांचा ब्लाऊज घालता येतो. अर्थात त्यानंतर घट्ट दाबाची बाही रात्रंदिवस, कायमची घालावी लागते. तीच नळी, तीच चरबी. इथे ती पुन्हा मोडलेलं जोडायच्या कामाला लागली आहे.

आता बहिणीला मी काय प्रश्न लिहून पाठवले, ते सांगतो. तुम्हाला किंवा घरातल्या कुणाला लागतील म्हणून.

पहिला, डॉक्टरचं शिक्षण नेमकं कुठलं? आपल्याकडे प्लास्टिक सर्जरीतली एम.सीएच. किंवा तिच्या तोडीची पदवी असते. नाव आणि नोंदणी क्रमांक मागून घ्या आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे पडताळा. इथे ऑस्ट्रेलियात नोंदणीची यादी कुणालाही फुकट बघता येते. दुसरा, भूल कोण देणार, आणि तो माणूस पूर्ण वेळ खोलीत असणार का? तिसरा, किती लिटर काढणार? ५ लिटर आणि त्यापुढे हे मोठं काम समजतात, त्याला रात्रभर देखरेख हवी. चौथा, त्याच दिवशी आणखी काही जोडून करणार आहेत का? पाचवा, रात्री बिघडलं तर फोन कोण उचलणार आणि अतिदक्षता विभाग किती मिनिटांवर आहे? सहावा, रक्त पातळ करणारी औषधं, गर्भनिरोधक गोळ्या, धूम्रपान, याबद्दल डॉक्टरने स्वतःहून विचारलं का? विचारलं नसेल तर तिथून उठा. आणि सातवा, पहिल्याच भेटीत 'आज बुक केलंत तर सूट' म्हणाले का? इथल्या ७ दिवसांच्या नियमाला आपल्याकडे कुणी बांधलेलं नसलं, तरी तो स्वतःपुरता पाळायला कुणाची हरकत नाही.

एक शब्द आमच्यासारख्या बाहेर राहणाऱ्यांसाठी. भारतात सुट्टीवर जायचं म्हणजे लग्नं, कुलदैवत, दातांचं काम, आणि अलीकडे काही जणांच्या यादीत हेही असतं. स्वस्त पडतं आणि घरचं माणूस जवळ असतं, हे खरं. पण सूज उतरायला काही महिने लागतात आणि पट्टा कित्येक आठवडे घालावा लागतो. वर सांगितलेली ती गुठळी विमानात १२-१५ तास पाय न हलवता बसल्याने आणखी सोपेपणाने होते. तीन आठवड्यांच्या रजेत हे बसवायचं आणि शेवटच्या रविवारी विमान पकडायचं, हे गणित जमत नाही. मुलंबाळं असतील तर सुटकेस उचलणार कोण, हासुद्धा प्रश्न आहेच.

मे २०२२ मध्ये बेंगळुरूत चरबी काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर एका तरुण अभिनेत्रीचा मृत्यू झाला, तेव्हा आपल्याकडे चार दिवस बातम्या आल्या आणि विरल्या. इथेही १९९९ ते २०२१ असंच चाललं होतं. बातमी, हळहळ, विसर. इथले नियम आज चांगले आहेत, पण ते कुणा शहाण्याने खुर्चीत बसून आधी केलेले नाहीत. त्यातलं जवळजवळ प्रत्येक कलम कुणाच्या तरी घरातल्या वाईट रात्रीनंतर लिहिलं गेलंय. आपल्याकडे तसं कलम लिहिलं जाण्याची वाट न बघता डॉक्टरांना हे सात प्रश्न विचारावेत, आणि विचारताना संकोच करू नये. चांगला सर्जन अशा प्रश्नांनी रागावत नाही. उलट, आधी गृहपाठ करून आलेला पेशंट त्याला बरा वाटतो.